पाणी न पिणारे इंजिन

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना त्याविषयी वेगळे सांगायला नको. मी तेव्हा पाचवीत होतो. आमची निरवांगी नीरा नदीच्या काठची, पण त्या साली नदीत वाळूशिवाय काही दिसत नव्हते. विहिरीवरचे पाच हॉर्सपॉवरचे ऑइल इंजिन दादांनी पोते पांघरून झाकून ठेवले होते. आई आणि दादा खडी फोडायला जात. घरातली दोन तोंडे कमी व्हावीत म्हणून मला आणि धाकट्या बहिणीला त्यांनी दौंडला मामाकडे धाडले.

मामा रेल्वेत फायरमन होता. वाफेच्या इंजिनात फावड्याने कोळसा घालायचा, हे त्याचे काम. घरी आला की मामी पहिल्यांदा त्याच्या पाठीवर पाणी ओतायची आणि ते काळे पाणी मोरीतून कितीतरी वेळ वाहत राहायचे. त्या साली तेही बंद झाले. ओल्या फडक्याने अंग पुसायचे आणि जेवायला बसायचे.

मला सगळ्यात राग यायचा तो स्टेशनावरच्या नळाचा. हत्तीच्या सोंडेएवढा तो नळ फिरवून इंजिनामागच्या टाकीवर आणायचे आणि पाणी धो धो सोडायचे. मालगाडीच्या मोठ्या इंजिनाच्या टाकीत वीस-बावीस हजार लिटर पाणी मावते, असे मामा सांगायचा. इकडे बायका घागरी घेऊन रांगेत भांडत उभ्या आणि तिकडे टाकी भरून वाहिलेले पाणी रुळांत जिरते आहे. इंजिन तरी काय करणार? वाफेवर चालायचे, तर पाणी प्यावेच लागणार.

एके दिवशी मामाचा डबा घेऊन गेलो, तेव्हा मालगाडी आली. धान्याची होती. परदेशातून बोटीने मुंबईला येणारी ती तांबडी मिलो ज्वारी आठवते ना? तिचीच पोती. पण पुढचे इंजिन निराळेच. उंच धुराडे नाही, कोळसा नाही, लोखंडी पेटीसारखे लांबलचक धूड नुसते धडधडत उभे. मी नळाकडे पाहत राहिलो. नळ कोणी फिरवलाच नाही.

"मामा, ह्याला पाणी?"

"ह्याला पाणी लागत न्हाई लेका. डिझेल हाय हे."

अगदीच लागत नाही असे नव्हे. आपल्या विहिरीवरच्या इंजिनाला थंड ठेवायला जसे पाणी लागते, तसे यालाही लागते. पण ते हजार-बाराशे लिटर, आणि तेच आत फिरत राहते. बाकी जात तीच, घराणे मोठे. सोळा सिलिंडर आणि २,६०० हॉर्सपॉवर. म्हणजे आमच्या विहिरीवरची ५२० इंजिने एका दावणीला बांधल्यासारखी! गंमत अशी की, हे इंजिन चाक थेट फिरवत नाही. ते आधी वीज तयार करते आणि त्या विजेवर चाकांच्या सहा आसांवरच्या सहा मोटारी फिरतात. हे मला पुढे कळले. त्या दिवशी मी फक्त हात लावून पाहिला, तर कोपरापर्यंत मुंग्या आल्या.

मला फार आनंद झाला होता. मामा मात्र भाकरी हातात धरून गप्प बसला होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "ह्याला फावडंबी लागत न्हाई."

डिझेलवर जायचे तर शिक्षण घ्यावे लागणार होते. तिथल्या काट्यांवर आणि बटणांवर इंग्रजी अक्षरे. मामा मराठी चौथी शिकलेला, वय चाळिशीला आलेले. मला पाचवीत एबीसीडी नुकतीच आली होती. रात्री कंदिलाजवळ मी फरशीवर कोळशाने अक्षर काढायचो आणि मामा ते गिरवायचा. मामी पदर तोंडाला लावून हसायची. मग एकदा तीही गिरवू लागली.

मामा पास झाला. सहायक म्हणून डिझेलवर गेला. त्याचे सोबती सगळेच काही गेले नाहीत. पगार वाढला, पाठ काळी व्हायची थांबली, तरी त्याची कुरकुर असायची: डिझेलवर झोप येते, आणि तापल्या फावड्यावर कांदा भाजून खायची सोय नाही.

काही वर्षांपूर्वी गावातल्या मंडळींबरोबर दिल्लीला पुसाच्या कृषी मेळ्याला गेलो. वेळ होता म्हणून रेल्वेचे संग्रहालय पाहिले. तिथे १८०४० नंबरचे इंजिन उभे होते. मामाच्या डिझेलच्याच जातीचे, पण त्या जातीतले पहिले. १९६२ साली अमेरिकेतल्या आल्को कंपनीने बांधलेले. १९६४ पासून ही इंजिने आपल्याकडे वाराणसीला बनू लागली आणि पुढे देशभर हजारोंनी धावली. अमेरिकेतून तयार आलेली थोडीच. आता दौंड-सोलापूर मार्गावरही विजेच्या तारा आल्या आहेत.

त्या इंजिनाला हात लावला. गार होते. बरोबरच्या एकाने विचारले, "किती तेल पीत असंल हो हे?" मी म्हणालो, टाकी पाच हजार लिटरची. पाण्याचे त्याने विचारले नाही.

मामाचे फावडे आमच्या गोठ्यात आहे. ते रेल्वेतून घरी कसे आले, हे कोणी विचारू नये. पाते झिजून अर्धे झाले आहे, पण शेण भरायला अजून चालते.