अकरा वाजताचं गाव

समाजकार्याचे विद्यार्थी क्षेत्रकार्याला गावात पोचतात ते अकराच्या सुमारास. एसटीच तेव्हा असते. वरूडच्या पट्ट्यात त्या वेळी कित्येक घरांना कुलूप लागलेलं असतं. बाया निंदणाला, आणि आंबिया बहाराची संत्री तोडीला आली असतील तर पुरुषही बागेत. गावात उरतात म्हातारी माणसं, अंगणवाडीतली पोरं आणि पारावरचे रिकामे पुढारी. मग अहवालात जे गाव उतरतं, ते बहुधा पारावरच्यांनी सांगितलेलं.

आठवड्यातले ठरावीक दिवस वस्तीत आणि बाकीचे वर्गात, ही रीत शहरात रुजली. 1936 साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने देशातली पहिली समाजकार्याची शाळा निघाली. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट नागपाड्यात आधीपासूनच काम करत होते आणि शाळाही तिथेच भरली. वर्गाबाहेर पडलं की वस्ती. वरूडला मात्र वस्ती भेटायची तर बहाराचं गणित ठाऊक हवं. रेल्वेने स्टेशनाला ‘वरूड ऑरेंज सिटी’ नाव दिलं. महाविद्यालयांच्या वेळापत्रकात संत्र्याला अजून जागा नाही!

क्षेत्रकार्याच्या मार्गदर्शकाची खरी कसोटी लागते ती आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या घरच्या भेटीत. तालुक्यात भूजलाचा उपसा अतोनात, त्यामुळे अनेक घरांत कर्जाची गोष्ट कोरड्या गेलेल्या बोअरपासून सुरू होते. 2006च्या शासन निर्णयाने वारसांना एक लाखाची मदत ठरवली. प्रकरण पात्र की अपात्र, हे ठरवताना कर्ज बँकेचं, सोसायटीचं की परवानाधारक सावकाराचं, हे पाहिलं जातं. हातउसने घेतलेले पैसे त्या कागदात मावत नाहीत. विद्यार्थिनी वही उघडते आणि घरातली बाई विचारते, “काय लिवून राह्यली वं पोरी? यानं काई भेटन का?” याचं उत्तर कोणत्याच क्रमिक पुस्तकात नाही. खोटी आशा लावायची नाही, एवढं मात्र आधी शिकवता येतं.

भेटीनंतर अहवाल येतो : ‘कुटुंब अत्यंत दुःखी असून बाई बोलायला तयार नाहीत.’ चांगला मार्गदर्शक ‘अत्यंत दुःखी’खाली रेघ मारतो आणि विचारतो, खोलीत आणखी कोण होतं? आठवून आठवून कळतं, ओसरीवर दीर बसला होता आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तोच देत होता. सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे, वारस नोंद झाली का, हे विचारायचं राहूनच गेलेलं. शंभर गुणांच्या अहवालात ‘खोलीत आणखी कोण होतं?’ हा एक प्रश्न सगळ्यात मोलाचा. तरी पुष्कळ ठिकाणी पर्यवेक्षण म्हणजे हजेरीपत्रकावरची सही, तीही महिनाअखेरीस एकगठ्ठा.

त्या बाईशी एकांतात बोलायचं तर दिवेलागणीनंतर जावं लागेल, तेव्हा दीर चौकात गेलेला असतो. पण शेवटची एसटी त्याआधीच सुटते आणि मुलींना वसतिगृहात वेळेत परतायचं असतं. म्हणून काही शिक्षक अशा घरांच्या भेटी ग्रामीण शिबिरासाठी राखून ठेवतात. मुक्काम गावातच असल्याने शिक्षिकेला सोबत घेऊन रात्री आठलाही त्या घरी जाता येतं.