कारण सापडले नाही

मराठीत या दुखण्याला शब्दांची वाण नाही. ढाळ, जुलाब, हगवण, अतिसार, संग्रहणी, मोडशी. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात पटकीचे वर्णन करताना इथलेच नाव नोंदवले. ते आपल्या 'मोडशी'चे भावंड. सुशिक्षितांच्या बोलण्यात मात्र यांतला एकही शब्द सहसा येत नाही. 'पोट जरा बिघडले आहे' एवढ्यावर भागते.

आमचे पोट असे चार महिने बिघडले होते. वर्गात दाराजवळ उभे राहून शिकवणे, एस.टी.चा प्रवास टाळणे, चर्चासत्रांची निमंत्रणे कारण न देता नाकारणे, हे सारे त्या सभ्य वाक्याच्या आडोशाने चालले होते. डॉक्टरांना त्या वाक्याचा काही उपयोग नव्हता. दिवसातून किती वेळा? झोपेतून उठावे लागते का? रक्त पडते का? वजन घटले का? कोणती औषधे चालू आहेत? चार आठवड्यांहून अधिक टिकलेल्या जुलाबांत यांतल्या प्रत्येक प्रश्नाला अर्थ असतो. रात्री झोपमोड करणारे जुलाब आतड्याच्या प्रत्यक्ष विकाराची शंका वाढवतात. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन किंवा साखरेऐवजी सॉर्बिटॉल घातलेल्या गोळ्या यांनीही पोट सुटू शकते.

रक्त, शौच, थायरॉईड, गव्हातील ग्लूटेन न सोसण्याचा विकार, अशा तपासण्या झाल्या. दुर्बिणीतून आतडे निरोगी दिसले, तरी त्याचे बारीक तुकडे घेण्यात आले. कारण एका प्रकारचा दाह केवळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. तोही नव्हता.

निष्कर्ष एका ओळीचा होता: कारण सापडले नाही. आप्तांनी त्याचा अर्थ 'काही झालेलेच नाही' असा लावला, काहींनी 'मनाचे खेळ' असा. वाक्याचा अर्थ लावणे हा ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनी तरी ही तीन विधाने एक मानू नयेत. चरकसंहितेत अतिसाराचे सहा प्रकार आहेत; त्यांत भयाने व शोकाने होणारे दोन. ग्रंथकार त्यांना खोटे म्हणत नाही. त्यांवर वातहर उपचार सांगतो आणि धीर देणे, मन प्रसन्न करणे यांनाही चिकित्सेतच स्थान देतो.

कारण हाती नसताना करायचे काय, हा प्रश्न उरतोच. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा घातलेले पाणी रुग्णांना पाजले. मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. तिथे रोग कोणता हे ठाऊक होते. पण त्या पाण्याचे मर्म असे की, जंतू कोणता हे त्याला विचारावे लागत नाही. ग्लुकोजच्या सोबतीने मीठ आतड्यातून शोषले जाते आणि त्यामागून पाणी. घरी करायचे तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

आम्हीही कारणाची वाट पाहणे सोडून वही घातली. एका वेळी एकच पदार्थ वर्ज्य करायचा, दोन आठवडे थांबायचे, मग तो पुन्हा घेऊन पाहायचा. दूध कमी केल्याने थोडा फरक पडला. मसूर आणि कॉफी निर्दोष ठरली. रक्त दिसल्यास, वजन घटू लागल्यास वा रात्री जाग येऊ लागल्यास परत यावे, असे डॉक्टरांनी बजावले आहे. गेल्या महिन्यात आलेले चर्चासत्राचे निमंत्रण आम्ही स्वीकारले. स्वच्छतागृह सभागृहापासून किती दूर आहे, हे संयोजकांना पत्रातच विचारून घेतले.