वीस मिनिटं

ईदच्या दुसऱ्या दिवशी माझी भाची तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन शीरखुर्मा खायला घरी आली. तिघीही उमरेडमधल्या एका दवाखान्यात नर्स आहेत आणि तिघींची ड्युटी बहुतेक वेळा कॅज्युअल्टीत लागते. रात्रपाळी संपवून थेट आल्या होत्या. डोळे तारवटलेले होते, पण बोलणं काही थांबत नव्हतं. मी शेजारी पेपर वाचत बसलो होतो. दहा मिनिटांत पेपर बाजूला ठेवला.

"काका, काल रात्री दोन वाजता एक जण आला. म्हणे गुडघा दुखते. म्हटलं, कधीपासून? तर म्हणे, पोळ्यापासून जी. मग आत्ता अर्ध्या रात्री काहून आले? तर म्हणे, दिवसभर वावरात असतो ना बाई, टाइम कुठं भेटते."

मग सलाईनचा विषय निघाला. ताप असो, थकवा असो की नवराबायकोचं भांडण, लोकांची मागणी एकच, "मले एक बॉटल लावून द्या ना." नुसत्या गोळ्या दिल्या की फसवणूक झाल्यासारखा चेहरा होतो. मग दारू पिऊन गाडीवरून पडलेल्यांचा विषय. किती घेतली असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "दोनच." तिघींचं यावर एकमत आहे की उमरेड तालुक्यात आजवर कुणीही तिसरी प्यालेलं नाही.

"आज शांत आहे" हे वाक्य ड्युटीवर उच्चारायची बंदी आहे. एका नव्या मुलीनं ते उच्चारलं आणि पंधरा मिनिटांत रोजंदारीच्या बायांनी भरलेली, रस्त्यात उलटलेली गाडीच दारात आली. सगळ्या बचावल्या. त्या मुलीला सकाळी सगळ्यांना समोसे खिलवावे लागले.

आपल्या मोहल्ल्याची पाळी आली तेव्हा भाची म्हणाली, "मामू, आपला पेशंट आला की मी आधी माणसं मोजते, मग नाडी. एका खालाला गॅस झाला होता, सोबत सतरा जण. वर म्हणतात, ही तर आपलीच पोरगी, आपल्याला आधी बघेल. नाही बघितलं की, शिकून मोठी झाली." आणि दुसऱ्या बाजूनं, तिच्या छातीवरची नावाची पट्टी वाचून एकानं विचारलं होतं, "दुसरी सिस्टर नाही का?" ती म्हणाली, "आहे ना, पण ती उद्या सकाळी येते. तोवर हात असाच धरून बसता का?" त्यानं मुकाट्यानं हात पुढे केला.

मी पोट धरून हसलो. पण हसता हसता मनात काहीतरी टोचलं. शेवटी म्हणालो, "बेटा, दुखण्यानं आलेल्या माणसावर असं हसावं का?"

भाची गप्प झाली. तिची भिवापूरकडची मैत्रीण वाटीतला शेवटचा घास संपवून म्हणाली, "काका, परवा एक पोरगा औषध पिऊन आला. फवारणीचं. त्याची गोष्ट सांगितली का आम्ही तुम्हाला? ज्याच्यावर हसता येते तेवढंच घरी आणतो. बाकीचं तिथंच ठेवून यावं लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाही."

मग वातावरण हलकं करायला तिनं आणखी एक किस्सा काढला, आणि तोच माझ्या वर्मी लागला. साप चावलेल्या माणसासोबत एक नातेवाईक आला होता. दर दोन मिनिटांनी तो टेबलावरची काचेची नळी उचलायचा, उजेडात धरून हलवायचा आणि ओरडायचा, "काही होत नाही आहे इथं! सगळ्या रिकाम्या बसल्या आहेत!" तिनं त्याची नक्कल इतकी हुबेहूब केली की भाचीच्या डोळ्यांत हसून पाणी आलं.

मला मात्र हसू आलं नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता माझे मोठे भाऊ रात्री मोटर सुरू करायला वावरात गेले आणि त्यांच्या पायाला साप चावला. तेव्हा शेतीला वीज रात्री मिळायची, त्यामुळे रात्री जावंच लागायचं. मी त्यांच्या मांडीला दुपट्टा करकचून बांधला, कुणीतरी सांगितलं म्हणून अर्धा तास एका झाडपाल्यावाल्याकडे घालवला आणि मग दवाखान्यात पोचलो. तिथल्या नर्सनं पाहिल्याबरोबर विचारलं, "हे कोणी बांधलं?" आवळून बांधल्यानं रक्तपुरवठा तुटतो आणि पाय जाऊ शकतो. चावलेला पाय हलू न देता माणसाला लवकर दवाखान्यात आणणं, एवढंच आपलं काम असतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, ही बाई माझ्यावरच डाफरते आहे.

तिनं भाऊंचं थोडं रक्त काढलं, कोरड्या काचेच्या नळीत घातलं, नळी टेबलावर उभी ठेवली, घड्याळाकडे पाहिलं आणि दुसऱ्या पेशंटकडे निघून गेली. माझा संताप झाला. भाऊ मरतो आहे आणि ही नळी ठेवून चालली. मी नळी उचलली, तिरपी केली, पाहिलं. पुन्हा ठेवली. पुन्हा उचलली. आवाज चढवला, कुणाकुणाशी ओळख आहे तेही ऐकवलं. ती परत आली, नळीकडे पाहिलं, काही न बोलता ती बाजूला ठेवली आणि नव्यानं रक्त काढलं. पुन्हा वीस मिनिटं.

त्या नळीचं काम काय होतं ते सांगतो, म्हणजे माझ्यासारखी चूक तुमच्याकडून होणार नाही. घोणस किंवा फुरसं चावलं की विषामुळे रक्त गोठायचं थांबतं. कुठला साप होता हे आपण अंधारात पाहिलेलं नसतं. म्हणून साधारण दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवतात. वीस मिनिटांनी नळी तिरपी केली आणि रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर विष रक्तात भिनलं आहे हे कळतं आणि लस सुरू करतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर आपल्याकडे एकच लस चालते. मध्येच नळी हलवली तर त्या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही. ती रिकामी बसलेली वाटणारी वीस मिनिटं हाच उपचाराचा भाग होता, आणि तो मी मोडला होता.

दुसऱ्या नळीतलं रक्त गोठलं नाही. पहिल्या दहा कुप्या इथंच दिल्या, मग १०८ बोलावून नागपूरला नेलं. भाऊ वाचले. अल्लाहचे आभार मी मानले. त्या नर्सचे मानायचे राहून गेले.

मी वाटी खाली ठेवली आणि म्हणालो, "बेटा, तो नळीवाला माणूस मीच."

भाचीनं तोंडावर ओढणी धरली. मैत्रिणीनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. "नाही जी काका. तो भिवापूरचा होता, मागच्याच महिन्यातला. तुम्ही दुसरे कोणी असाल." मग जरा थांबून, "असे भरपूर असतात."

भरपूर असतात. म्हणजे मी त्यांना आठवावा इतकाही वेगळा नव्हतो.

कॅज्युअल्टीत आधी आलेल्याला आधी बघत नाहीत, जास्त धोक्यात असलेल्याला आधी बघतात. आमच्याकडे मिरच्या निवडायला बसलेल्या बाया एका नजरेत चांगली आणि डागी मिरची वेगळी करतात, तशी ही निवड. ज्याचा नंबर मागे गेला त्याला ती अन्याय वाटते, खरं तर त्याच्यासाठी ती चांगली बातमी असते. दवाखान्यांच्या भिंतींवर २०१० च्या कायद्याची पाटी असते. कर्मचाऱ्यांवर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. ती पाटी मी त्या रात्रीही पाहिली असेल. ती गुंडांसाठी आहे, असंच मला वाटलं असेल.

आपल्या जलशांमध्ये रुफैदा अल-अस्लमिया यांचं नाव अभिमानानं घेतलं जातं. खंदकाच्या लढाईत जखमी झालेल्या साद इब्न मुआज यांची शुश्रूषा त्यांच्या तंबूत झाली होती, हे आपण लेकरांना सांगतो. आणि मोहल्ल्यातली पोरगी नर्सिंगला जाते म्हटलं की रात्रपाळीचं कारण काढून नाक मुरडतो. भाचीनं जीएनएमला प्रवेश घेतला तेव्हा बहिणीला "रात्रीची ड्युटी असते, विचार कर" असं सांगणाऱ्यांत मीही होतो. आजाऱ्याची विचारपूस हा त्याचा आपल्यावरचा हक्क आहे, पण म्हणून सतरा जणांनी एकाच वेळी दारात उभं राहावं असं कुणी सांगितलेलं नाही.

निघताना मी भाचीला विचारलं, त्या रात्रीची नर्स कोण असेल, शोधता येईल का? ती म्हणाली, "मामू, बदल्या होतात, कोण कुठं गेलं काय माहीत. तुम्ही एक करा. पुढच्या वेळी कुणाला घेऊन आलात तर बाकडावर शांत बसा."

मी हो म्हणालो. ती दारातून हसत म्हणाली, "आणि फक्त एकाला सोबत आणा. मी मोजेन."