कलमघरातील वारा

पंचांगात ऋतू सहा असले, तरी मालवणच्या किनाऱ्यावरील व्यापाऱ्याच्या वखारीत ते दोनच असतात: कोरडा आणि ओला. सिंधुदुर्गात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. या दिवसांत काडेपेटी पेटत नाही, पापड वाकतो, चामड्याच्या पाकिटावर पांढरी लव येते, आणि मार्च ते मे या महिन्यांत गावोगावहून घेतलेली काजू बी कशी टिकवावी हा व्यापाऱ्याच्या झोपेचा प्रश्न होतो. दोन-तीन उन्हे दाखवून बीतील पाण्याचा अंश आठ-नऊ टक्क्यांवर आणता येतो. तो तेथेच राखणे हे खरे कसब.

तीन पिढ्यांपूर्वी सौराष्ट्रातून येऊन येथे स्थिरावलेल्या एका जैन कुटुंबात हे कसब वडिलांकडे होते. पोती जमिनीवर कधी टेकू द्यायची नाहीत, खाली लाकडी फळ्या घालायच्या. भिंतीपासून माणूस आडवा चालून जाईल इतकी जागा सोडायची. आणि वखारीचे दार घड्याळ पाहून नव्हे, मीठ पाहून उघडायचे. एक ताटली वखारीत, दुसरी ओसरीवर, दोन्हींत मूठभर जाडे मीठ. ओसरीवरचे मीठ मोकळे आणि आतले ओलसर असेल, तर दारे-खिडक्या सताड उघडायच्या. उलट असेल, तर बंद ठेवायच्या. या रीतीमागे शास्त्र आहे. शुद्ध मीठ हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की पाणी ओढून विरघळू लागते. मिठागरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार मिसळलेले असल्यामुळे ते त्याही आधी ओलावते. म्हणजे ते व्यापाऱ्याला थोडी आगाऊ सूचना देते, आणि शुद्ध मिठापेक्षा अधिक उपयोगी पडते.

धाकट्या मुलाने दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातून पदवी घेतली आणि वखारीच्या मागच्या परसात काजूच्या कलमांसाठी प्लास्टिकच्या छताचे कलमघर उभारले. घरात त्याचे स्वागत संमिश्र झाले. बी विकत घेऊन विकणाऱ्या घराने बी रुजवायला लागणे आजीला काही केल्या पटेना. वडिलांनी हिशेब पाहिला, अर्धी जागा दिली, आणि एकच अट घातली: गिऱ्हाइकाकडून आगाऊ रक्कम घेतली की दिलेला शब्द वखारीच्या नावावर लिहिला जाईल, कलमघराच्या नाही.

काजूचे कलम ही अगदी चार बोटांत चालणारी शस्त्रक्रिया आहे. पिशवीत बी रुजवून साधारण दोन महिन्यांचे रोप तयार करायचे. वेंगुर्ले-४ किंवा वेंगुर्ले-७ अशा निवडक जातीच्या झाडावरील काडी हेरून, आठवडाभर आधी झाडावरच तिची पाने छाटून ठेवायची, म्हणजे टोकाचा डोळा फुगतो. मग रोपाचा शेंडा कापून त्यात चीर द्यायची, काडीला पाचरीसारखा आकार देऊन ती चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. शेवटी काडीवर पेप्सीकोल्याची लांबट पिशवी टोपीसारखी चढवायची. या जातींचा उगम ज्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात झाला, ते १९५७ साली सुरू झाले. वेंगुर्ले-४ ही जात १९८१ साली प्रसारित झाली, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्याच वयाची.

त्या एका रुपयाच्या टोपीत सगळा विषय सामावलेला आहे. कापलेल्या काडीला मुळे नसतात. तिचा खालच्या रोपाशी रस जुळेपर्यंत तिच्यातून गेलेला पाण्याचा प्रत्येक थेंब हे निव्वळ नुकसान असते. टोपीतली हवा दमट राहते, काडी सुकत नाही, आणि तीन आठवड्यांच्या सुमारास डोळा फुटतो. लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरला हाच चमत्कार १८२९ साली एका बंद बरणीत दिसला होता. त्याने पतंगाचा कोश ठेवलेल्या बरणीतल्या मातीत नेच्याचे रोप आपोआप उगवले आणि पाणी न घालता तगले. पुढे त्याने काचेच्या बंद पेट्या करून १८३३ साली रोपे बोटीने ऑस्ट्रेलियाला धाडली. रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून चहाची रोपे हिंदुस्थानात आणली तीही अशाच पेट्यांतून. व्यापाराच्या इतिहासात गलबते आणि तराजू यांची नावे येतात. या पेटीचे नाव क्वचितच येते.

पण टोपी जेवढी आवश्यक, तेवढीच ती वेळेवर काढणेही आवश्यक. जो दमटपणा मुळे नसलेल्या काडीला जगवतो, तोच फुटलेल्या कोवळ्या पालवीला कुजवतो.

एप्रिलमध्ये अडचण उन्हाची होती. पडदे खाली असले की भर दुपारी छताखाली पारा ४२ अंशांच्या वर जाई. सावलीची जाळी आणि तुषार यांनी तो आवरता आला, पण सर्वांत मोठी मदत वाऱ्याने केली. किनाऱ्यावर वाऱ्याला ठरलेली पाळी असते. दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, रात्री जमिनीवरून मतलई वाहतो. मुलाने छताच्या आढ्याला लांब फट ठेवली होती. खालचे पडदे गुंडाळले की खारा वारा खालून शिरे आणि तापलेली हवा आढ्यातून निघून जाई. पंख्याची गरज क्वचित पडली, आणि पडली तेव्हा त्याच्यापुढे बारीक जाळी लावूनच तो सुरू होई. पात्यांत सापडणाऱ्या किड्यांची गोष्ट आजीने पहिल्याच दिवशी काढली होती.

मृगाचा पाऊस वेळेवर आला. गिऱ्हाइकांनी खड्डे खणून ठेवलेले. ऐन आर्द्रेत आठवडाभर ऊन पडले नाही, रस्ते फुटले, आणि कलमे न्यायला कोणी येईना. ती जागच्या जागी राहिली, पिशवीला पिशवी चिकटून. आर्द्रा लागली की आपल्या घरांत आंबा बंद होतो. ओलाव्यात जीवोत्पत्ती होते म्हणून घातलेली ती सीमा. त्या दिवशी घरात आंब्याच्या शेवटच्या कोयी वेगळ्या काढल्या जात असताना परसातल्या कोवळ्या पालवीवर पहिले काळे डाग दिसले.

वडिलांनी वखारीच्या अनुभवाने सल्ला दिला: बाहेर इतका पाऊस आहे, पडदे लावून घ्या. बाहेरची हवा २५ अंश आणि आर्द्रता ९५ टक्के. असल्या हवेला घरात कोण घेईल? पडदे लागले. दोन दिवसांत छताच्या आतून थेंब ठिबकू लागले. परसात कलमे बांधणारा वयस्कर मालवणी गडी आत डोकावून म्हणाला, "शेठ, हयसर वारोच खेळत नाय."

तेव्हा वडिलांनी वखारीतल्या दोन्ही ताटल्या मागवल्या. एक कलमघरात ठेवली, दुसरी बाहेर, छपराखाली. काही काळाने आतल्या ताटलीत मिठाचे पाणी झाले होते; बाहेरचे मीठ ओले होते, पण खडे अजून दिसत होते. ते बराच वेळ पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "ही वखार उलटी आहे."

फरक नेमका तोच होता. पोत्यातली बी निजलेली असते. ती वाळवून ठेवली की हवेला फारसे पाणी देत नाही, म्हणून ओल्या दिवसांत दार बंद ठेवणे शहाणपणाचे. हिरवे पान मात्र सतत पाणी सोडत असते. हजारो पानांनी भरलेली बंद खोली बाहेरच्या पावसापेक्षाही दमट होणारच. त्यात हवेचा एक धर्म आहे: ती जितकी उबदार, तितके जास्त पाणी पोटात घेते. ३० अंशांची एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम बाष्प सामावू शकते, २० अंशांची जेमतेम १७. दिवसा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असलेली आतली हवा रात्री २६ अंशांच्या आसपास उतरली की तिला जास्तीचे पाणी सोडावेच लागते, आणि ती ते थंड प्लास्टिकवर आणि पानांवर सोडते. बुरशीच्या बीजाणूला रुजायला हवा असतो तो हाच, पानावर काही तास टिकणारा पाण्याचा पातळ थर.

याच हिशेबाची दुसरी बाजू आशादायक होती. बाहेरची २५ अंशांची, ९५ टक्के दमट हवा आत येऊन तीनच अंश तापली, तर तिची आर्द्रता ८० टक्क्यांवर येते. ढगाळ दिवसाच्या प्रकाशातही प्लास्टिकच्या छताखाली तेवढी ऊब मिळते. म्हणजे प्रश्न पाऊस अडवण्याचा नव्हता. ओली हवा आत घ्यायची, किंचित तापू द्यायची, आणि पानांवरून फिरवून बाहेर काढायची, एवढेच करायचे होते. नैर्ऋत्येचा पडदा पावसाच्या झडीसाठी बंद राहिला. आडोशाच्या ईशान्य बाजूचा वर गेला. आढ्याची फट मोकळी झाली. पिशव्या वीत-वीत अंतरावर मांडल्या गेल्या, त्यासाठी वखारीची ओसरीही रिकामी करावी लागली. पाणी फक्त सकाळी, तेही मुळाशी.

शेजारच्या बागायतदाराने मात्र सोपा उपाय सुचवला होता: बुरशीनाशकाची फवारणी करा, दोन दिवसांत निकाल. सल्ला चुकीचा नव्हता. सुपारीच्या कोळेरोगावर कोकणात बोर्डो मिश्रण पिढ्यान्‌पिढ्या फवारले जाते. पन्नास फूट उंच पोफळीला कोणता पडदा गुंडाळणार? तिच्या मालकाला पर्याय कमी असतात आणि त्याला दोष देणे घरात बसून सोपे आहे. या घराला पर्याय होता, पण तो महाग होता. हवेने नवी बुरशी थांबते. रोपात शिरलेली बुरशी हवेने जात नाही. फवारणी न करायची तर डागाळलेली कलमे वेगळी काढून सोडून द्यावी लागणार होती, आणि त्यांतील कित्येक गिऱ्हाइकांच्या नावावर लिहिलेली होती.

रात्री जेवणानंतर हा विषय निघाला. चौविहार असल्यामुळे जेवण दिवस असतानाच उरकले होते आणि बोलायला वेळ भरपूर होता. मुलाचे म्हणणे, शब्द दिला आहे, फवारून तो पाळू. आजी म्हणाली, आधी उत्पन्न होऊ द्यायचे आणि मग मारायचे, याला जयणा म्हणत नाहीत. पण तिने निर्णय मुलावर सोडला. वडील जयणेबद्दल काहीच बोलले नाहीत. त्यांनी वही उघडली आणि विचारले, "निरोगी किती भरतात?" मोजणी झाली. चारांतले एक कलम जाणार होते. त्यांनी नावांची यादी काढून कोणाला पूर्ण माल देता येईल, कोणाला अर्धा आणि कोणाचे पैसे परत करावे लागतील, हे त्याच रात्री लिहून काढले. फवारणी झाली नाही.

पुनर्वसूच्या उघडिपीत कलमे गेली. पैसे परत करायला मुलगा स्वतः दोन गावी गेला. पहिल्या शेतकऱ्याने रक्कम मोजून घेतली, आणि खड्डे उघडे पडले आहेत म्हणून दुसऱ्या रोपवाटिकेतून कलमे आणणार असल्याचे स्पष्ट सांगितले. त्यात चूक काहीच नव्हती. दुसऱ्याने निम्मी रक्कम पुढच्या वर्षासाठी ठेवून घ्यायला सांगितली, त्यावर वडिलांनी तिची पावती पाठवली.

आर्द्रेत बाजूला काढलेल्या आंब्याच्या कोयी आता कलमघराच्या ईशान्य कोपऱ्यातील वाफ्यात अंकुरल्या आहेत. कोय कलमासाठी रोप पंधरवड्याच्या आत, पाने तांबूस असेपर्यंतच घ्यावे लागते. पाने हिरवी झाली की वेळ गेली. या कलमाला दमट हवा मानवते आणि कूजही याच हवेत सर्वांत लवकर लागते. वाफ्याशेजारी मिठाची ताटली आहे. मुलाने लावलेला आकड्यांचा आर्द्रतामापी तिच्या वर टांगलेला आहे, आणि वडील सकाळी आले की आधी ताटली पाहतात, मग मुलाला आकडा वाचायला सांगतात.