उभ्या गाडीचा आवाज

वेगासाठी घडवलेल्या इंजिनाचा स्वभाव ते वेगात असताना तितकासा कळत नाही. गाडी जागच्या जागी उभी असते, तेव्हा तो उघड होतो. अमेरिकेतील जुन्या व्ही-८ इंजिनांशी कानाचा परिचय असलेला माणूस सिग्नलपाशी थांबलेल्या गाडीकडे न पाहताही तिच्यात कोणत्या जातीचा कॅमशाफ्ट बसवला असावा, याचा अंदाज बांधतो. साध्या गाडीचे आयडलिंग झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखे संथ असते. शर्यतीचा कॅमशाफ्ट बसवलेले इंजिन मात्र अडखळते, आता बंदच पडणार असे वाटायला लावते आणि पुन्हा सावरते.

या अडखळण्याचे मूळ एका दांड्याच्या घडणीत आहे. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो आणि त्याच्यावरील उंचवटे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडतात. जळलेला वायू पुरता बाहेर पडण्याआधीच ताजे मिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह उघडू लागतो. काही काळ दोन्ही दारे एकदमच उघडी असतात. प्रत्येक व्हॉल्व्ह २८० अंश उघडा राहत असेल आणि दोन उंचवट्यांच्या मध्यांत ११४ अंशांचे अंतर असेल, तर हा काळ ५२ अंशांचा भरतो; तेच अंतर १०८ केले, तर ६४ अंशांचा. कागदावर फरक अवघा १२ अंशांचा. कानाला मात्र ती दोन वेगळी इंजिने वाटतात. भरधाव वेगात बाहेर झेपावणारा वायू आपल्यामागे ताजे मिश्रण ओढून घेतो आणि ताकद वाढते. मंद गतीत तोच वायू उलटा फिरतो, मिश्रणात मिसळतो. ते एकदा नीट पेटते, पुढच्या वेळी अर्धवट. त्या लयीचे रहस्य एवढेच.

म्हणजे हा आवाज मुळात एका त्यागाची खूण आहे. वरच्या गतीतील ताकदीसाठी खालच्या गतीतील ओढ सोडलेली असते. इंजिनाने निर्माण केलेली पोकळी क्षीण झाल्याने तिच्यावर चालणारा पॉवर ब्रेकही जड होतो. झोरा आर्कस-डंटॉव्ह यांनी शेव्हरोलेच्या व्ही-८ साठी कॅमशाफ्टची नवी आखणी केली आणि १९५६ च्या आरंभी फ्लोरिडातील डेटोना बीचच्या वाळूवर त्यांच्या कॉर्व्हेटने ताशी १५० मैलांची मर्यादा ओलांडली. त्यांना वेग हवा होता. आवाज त्यामागून आला.

पुढे क्रम उलटला. कॉम्प कॅम्स या अमेरिकी कंपनीने ‘थंपर’ ही मालिका आखली, ती त्या धडधडीचे आकर्षण ध्यानात घेऊनच. नंतर तर कॅमशाफ्टला हातही न लावता, केवळ इंजिनाच्या संगणकातील आज्ञा बदलून तशी अडखळ उत्पन्न करण्याची युक्ती निघाली. तिला ‘घोस्ट कॅम’ म्हणतात. साहित्याच्या वाचकाला यात नवे काही वाटू नये. एखाद्याची तुटक शैली अनुभवाच्या दाबाखाली घडते. अनुकरण करणारे तो तुटकपणा उचलतात, दाब मागेच राहतो.

तरीही या हौसेला हसणे सोपे आणि अन्यायाचे ठरेल. महिनोन्महिने पैसे साठवून गॅरेजमध्ये रात्री जागवणाऱ्या तरुणाने तो आवाज कधीतरी बालपणी रस्त्यावर ऐकलेला असतो, आणि तोच त्याला पुन्हा ऐकायचा असतो. अनुभवी कारागीर त्याला सांगतो की, मनात असेल त्यापेक्षा एक पायरी लहान कॅमशाफ्ट घे. गाडी रस्त्यावर चालवायची आहे. हा सल्ला पटायला बहुधा एक इंजिन खर्ची पडते. मोठा कॅमशाफ्ट बसवून पहिल्या रात्री तो कौतुकाने ऐकत उभा राहतो. दुसऱ्या दिवशी गर्दीच्या चौकात इंजिन बंद पडते आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजू लागतात. त्या आवाजाची किंमत काय, हे त्याला तेथे कळते.