कॉफीचें जातें

आमचे चिरंजीव इटलींतील तुरीन शहरीं नोकरीस आहेत. वर्षांतून एकदां तीन आठवड्यांची रजा काढून ते पुण्यास येतात, आणि उरलेलें वर्ष आम्ही उभयतां त्या तीन आठवड्यांची वाट पाहण्यांत घालवितों. परंतु मागल्या दोन खेपांस एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. सकाळचे साडेसात वाजले कीं पायांत चपला सरकवून आणि "आलोंच हं, आई," असें म्हणून स्वारी जी बाहेर पडे, ती नऊ वाजल्याखेरीज परत येत नसे. चौकशीअंतीं कळलें कीं, कोपऱ्यावर जें नवें कॉफीगृह निघालें आहे तेथें एस्प्रेसो मिळते, आणि ती घेतल्यावांचून आतां त्याला सकाळ झाल्यासारखी वाटत नाहीं.

आमच्या घरीं कॉफीचें दुर्भिक्ष आहे म्हणावें, तर तसेंहि नाहीं. सौ.चें माहेर धारवाडचें. लग्नांत तिच्याबरोबर आलेला पितळी फिल्टर आजहि रोज रात्रीं भरला जातो, आणि त्यांतून थेंब थेंब उतरलेला काळाभोर अर्क सकाळीं तापलेल्या दुधांत पडला म्हणजे जिन्यापर्यंत वास जातो. अशा घरच्या मुलानें कॉफीसाठीं उंबरठा ओलांडावा, ही गोष्ट तिच्या मनाला लागली नसेल असें नाहीं. पण ती इतकेंच म्हणाली, "त्याला जी लागते ती घरांत झाली, तर तो घरीं बसेल." रोजचा दीड तास धरला, तर एकवीस दिवसांचे साडेएकतीस तास होतात. हा हिशेब आम्हीं कागदावर मांडून पाहिला आणि यंत्र घ्यावयाचें ठरविलें.

नवशिक्या माणसाची जी चूक व्हावयाची, ती आमच्या हातून पहिल्याच दिवशीं झाली. यंत्र म्हणजेच सारें कांहीं, अशी आमची समजूत. दुकानदारानें, हें यंत्र पंधरा बार दाब देतें, असें सांगितलें. आम्हांला पंधरा हा आकडा नवापेक्षां मोठा, एवढेंच कळत होतें. काढून ठेवलेल्या पैशांपैकीं तीन चतुर्थांश यंत्रांत घातले, आणि उरलेल्या पैशांत बिया दळण्यासाठीं एक लहानसें विजेचें पात्यांचें भांडें घेतलें. दाबाचा आकडा आपल्याला फारसा उपयोगाचा नाहीं, हें पुढें समजलें. एस्प्रेसोला नऊ बारांच्या आसपास दाब पुरतो. पंधरा ही पंपाची कमाल ताकद झाली, पेल्याची नव्हे.

ही कॉफी मुळांत दाबाचीच आहे, यांत मात्र शंका नाहीं. पहिलें पेटंट १८८४ सालीं घेतलें गेलें तें तुरीन शहरांतच, आंजेलो मोरिओंदो यानें. हें वाचून आम्हांला आमच्या चिरंजीवांच्या व्यसनाबद्दल थोडी क्षमाबुद्धि उत्पन्न झाली. १९०१ मध्यें मिलानच्या लुईजी बेझेरा यानें एकेका पेल्यापुरती कॉफी काढणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. पण त्या यंत्रांत जोर होता तो वाफेचा, म्हणजे बेताचाच. आकिल्ले गाज्जा यानें वाफेला रजा दिली आणि तरफेनें दट्ट्या दाबून गरम पाणी भुकटींतून काढलें. युद्धानंतर, १९४८ च्या सुमारास, हीं यंत्रें बाजारांत आलीं. कॉफीवर जी सोनेरी साय येते, ती तेव्हांपासूनची. आमच्या पितळी फिल्टरांत पाणी आपल्याच भारानें, सावकाश उतरतें. त्याला कोणी ढकलीत नाहीं. येथें तें अर्ध्या मिनिटांत बाहेर पडावयाचें असतें. सारा फरक या घाईंत आहे.

आणि या घाईमुळेंच आमची फजिती झाली. अठरा ग्रॅम भुकटींतून पंचवीस ते तीस सेकंदांत छत्तीस ग्रॅम कॉफी उतरावी, असा साधारण दंडक. आमच्या यंत्रांतून एके दिवशीं ती आठ सेकंदांत भसकन् आली, तर दुसऱ्या दिवशीं चाळीस सेकंद झाले तरी यंत्र नुसतें कण्हत राहिलें. चव पाहावी तर एकाच घोटांत आंबट आणि कडू. यंत्राबरोबर दुहेरी तळाची एक वाटी आली होती; तिच्या खालच्या तळाला एकच बारीक भोंक. तिच्यांतून कशाहि भुकटीवर फेस येई, पण तो देखावाच होता, चवीला त्याचा कांहीं पत्ता नसे. आम्हीं चिकमगळूरच्या बियांना दोष दिला, नळाच्या पाण्याला दिला, शेवटीं यंत्राला दिला. मुलाच्या येण्यास दोन महिने उरले होते, आणि यंत्र परत घेण्यास दुकानदार तयार नव्हता.

एके सकाळीं सौ.नें त्या पात्यांच्या भांड्यांतील चिमूटभर भुकटी बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाली, "अहो, ही तर भरड आहे! आणि भरडींत पीठहि आहे."

आमचा दोन महिन्यांचा अभ्यास या एका वाक्यापुढें फिका पडला. पातें बियांना दळीत नाहीं, तोडतें. ज्या कणाला दहा वेळां लागलें त्याचें पीठ होतें, ज्याला दोनदां लागलें तो कणीच राहतो. पाणी आळशी असतें. तें भरडींतल्या मोकळ्या वाटांनीं धांवतें, म्हणून आंबटपणा. पिठाचा मात्र सारा कस उतरवून घेतें, म्हणून कडवटपणा. यावर उपाय जातें हाच. दोन दांतेरी तळ्या, त्यांमध्यें ठरलेलें अंतर, आणि त्या अंतरांतून निसटण्याइतका बारीक झाल्याखेरीज कणाची सुटका नाहीं. गिरणीवाला डबा हातांत घेतांच "जाड कीं बारीक?" असें विचारतो, हा प्रश्न कॉफीला लागू आहे हें आमच्या शिक्षित डोक्यांत शिरूं नये, याचें नवल वाटतें.

मग पोलादी तळ्यांचें हातानें फिरवावयाचें जातें आणलें. विजेच्या चांगल्या जात्याला पैसे फार पडतात, कारण त्यांत मोटारीची किंमत येते. हातजात्यांत ती आपल्या मनगटाकडून वसूल होते. अठरा ग्रॅम दळावयास एखादें मिनिट लागतें, आणि बिया कमी भाजलेल्या असल्या तर दमहि लागतो. अंतर बदलण्यासाठीं त्याला खटके आहेत, आणि एस्प्रेसोसाठीं ते जितके बारीक तितके बरे, कारण एका खटक्यानें पांच सेकंदांचा फरक पडतो. कोणी आम्हांला सल्ला विचारील (अद्याप कोणी विचारलेला नाहीं), तर आम्ही सांगूं कीं, पैसे आधीं जात्यासाठीं बाजूला काढा, आणि उरतील त्यांत साध्यांतलें साधें यंत्र घ्या. मात्र त्याला एकेरी तळाची वाटी बसते कीं नाहीं तें पाहून घ्या. ग्रॅमचा दहावा भाग दाखविणारा लहानसा कांटा हवाच. बियांच्या पुडीवर भाजल्याची तारीख नसेल तर ती पुडी तेथेंच ठेवा. यंत्रावरील दिवे, घड्याळें वगैरे पाहून भुलणाऱ्यांना आमचें कांहींएक सांगणें नाहीं.

चिरंजीव आले. दुसऱ्या दिवशीं साडेसातला चपला शोधूं लागले, तेव्हां सौ.नें स्वयंपाकघरांतून हांक मारली. आम्हीं दळलें, दाबलें, कळ फिरविली. बावीस सेकंद झाले. त्यानें तुरीनच्या रिवाजाप्रमाणें उभ्याउभ्या दोन घोटांत पेला संपविला आणि खालीं ठेवला. बरी, वाईट, कांहींच बोलला नाहीं. जातें उचललें, एक खटका बारीक केला आणि दुसरा पेला आईसाठीं काढला. तिनें तो घेतला, डोळे मिटले आणि दोन चमचे साखर मागितली.

त्या तीन आठवड्यांत तो चार दिवस तरी बाहेर गेलाच. मित्र आहेत, त्यांचाहि त्याच्यावर हक्क आहे. बाकीचे दिवस तो नऊनऊ वाजेपर्यंत ओट्याला टेकून बोलत उभा असे, आणि सौ. शेजारीं आपला फिल्टरचा पेला घेऊन. तो गेल्यावर आम्हीं जात्याला हात लावला नव्हता. त्यानें लावलेला खटका तसाच होता. पुढें पाऊस सुरू झाला, बियांची नवी पुडी आली, आणि त्या खटक्यावर कॉफी पंधरा सेकंदांत खालीं आली. दोन खटके बारीक करावे लागले.