एका पुस्तकाची निवड

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्राचें पहिलें पुस्तक कोणतें लावावें, हा प्रश्न जून महिना जवळ आला कीं दरवर्षीं माझ्यापुढें उभा राहतो. मुलीसाठीं स्थळें पाहणाऱ्या बापाप्रमाणें मी एकेक पुस्तक न्याहाळतों, प्रत्येकांत कांहीं तरी खोड काढतों, आणि अखेर गतवर्षींचेंच नांव फळ्यावर लिहून मोकळा होतों. यंदा मात्र तसें करवेना.

त्याला कारण माझी एक विद्यार्थिनी. दोन खतांची तुलना करण्यासाठीं तिनें जास्वंदीचीं दोन झाडें घेतलीं, एकेकाला एकेक खत घातलें आणि प्रत्येकाचीं तीस पानें मोजलीं. मीं लावलेल्या पुस्तकांतील सूत्रांत आंकडे घातले. उत्तर खणखणीत आलें. तक्त्याखालीं मीं सहीहि केली. तोंडी परीक्षेच्या वेळीं परीक्षकांनीं एवढेंच विचारलें, “पानें साठ, पण झाडें किती?” पोर गप्प झाली. एका झाडाचीं पानें म्हणजे एका घरचीं भावंडें. झाडच मुळांत जोमदार असेल तर खताला श्रेय फुकटचें मिळावयाचें! डार्विननें १८७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मक्याच्या रोपांच्या १५ जोड्या होत्या, आणि प्रत्येक जोडींतील दोन्ही रोपें एकाच कुंडींत वाढविलेलीं होतीं. आमच्या या चुकीला तर हर्लबर्टनें १९८४ सालीं नांवहि देऊन ठेवलें आहे. माझ्या त्या सुबक पुस्तकांत तिचा उल्लेख नव्हता. आणि खरें सांगावयाचें तर माझ्याहि ध्यानांत ती आली नव्हती.

म्हणून या खेपेस सूत्रांचीं प्रकरणें मीं बाजूस ठेवलीं. फिशरचा १९२५ चा ग्रंथ आदरानें उघडला. पण तो नवख्यासाठीं नव्हे. सोकल व रोल्फ यांची १९६९ ची ‘बायोमेट्री’ उचलतांनाच मुलें भितील. पानसे-सुखात्मे यांच्या १९५४ च्या ग्रंथाविषयींचा माझा पक्षपात मी लपवीत नाहीं; सुखात्मे सातारा जिल्ह्यांतले! परंतु तो शेतकी संशोधकांसाठीं लिहिलेला, आणि मासे वा जंतू यांच्यामागें लागलेल्या मुलांचें मन त्या शेतांत रमत नाहीं.

उरलें तें व्हिटलॉक व श्लूटर यांचें, २००९ सालीं प्रथम निघालेलें पुस्तक. आरंभींच न्यूयॉर्कमधील उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची हकीकत आहे. फार उंचावरून पडलेल्यांना इजा कमी, असा नवलाचा निष्कर्ष निघाला होता. पण मेलेलें मांजर घेऊन डॉक्टरकडे कोण जातो? आंकडे मांडण्यापूर्वीं ते आले कोठून, हें विचारण्याची संवय अशी हंसतखेळत लागते. किंमत मात्र आमच्या मुलांच्या घरांना झेपणारी नाहीं. ग्रंथालयासाठीं दोन प्रती मागविण्याचें मीं योजिलें.

तत्पूर्वीं माझी प्रत त्या मुलीला वाचावयास दिली. आठवड्यानें ती परत करतांना ती हळूच म्हणाली, “सर, हें आम्हांला अगोदर कां नाहीं दिलेंत?”

ती गेल्यावर मीं मागणीपत्र पुढें ओढलें आणि दोनाचा आंकडा खोडून तेथें पांच लिहिले.